पारडी बदलून पाहा

(१९८० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आमच्या मंडळीत आम्ही एकमेकांना 'जय ख्रिस्त' म्हणतो. पण सगळा जन्म धुळ्या-जळगावात गेल्यामुळे 'राम राम भो' हेही माझ्या तोंडून तितक्याच सहज निघतं. तेव्हा ज्याला जो आवडेल तो नमस्कार त्याने घ्यावा.

संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू ख्रिस्ती माणूस, धंदा काट्या-वजनांचा, तेव्हा रोजच्या जगण्यातल्या प्रामाणिकपणावर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, "अरे, आपल्या वर्गात हेडमास्तर झालेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, त्यांना बोलवा." तर उत्तर मिळालं, "ते काय बोलतील ते आम्हाला माहीत आहे. तू काय बोलशील ते माहीत नाही."

खरं सांगतो, मलाही माहीत नव्हतं. पंधरा दिवस दोन-तीन भाषणं लिहिली आणि फाडली. प्रत्येक भाषणात मी फार चांगला माणूस निघत होतो. शेवटी ठरवलं, की जी गोष्ट चाळीस वर्षं या गावात कोणाला सांगितली नाही, तीच इथे सांगायची.

पण आधी आपल्या गणिताच्या सरांची आठवण. सर आज आपल्यात नाहीत. त्यांची एक सवय तुम्हाला आठवत असेल. फळ्यावर त्यांच्या हातून चूक झाली, तर ते डस्टर उचलत नसत. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायचे आणि बरोबर आकडा बाजूला लिहायचे. कोणीतरी एकदा विचारलं, "सर, पुसून का टाकत नाही?" तर म्हणाले, "पुसली तर तुम्हाला वाटेल सर चुकतच नाहीत. चूक दिसली पाहिजे."

नववीत त्यांनी माझ्या पेपरात बेरीज चुकवून मला सहा गुण कमी दिले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहून म्हणाले, "काल याच्या पेपरात माझी बेरीज चुकली. त्याची माफी मागतो." मी चौदा वर्षांचा, गवंड्याचा पोरगा. माझी माफी मागणारा तो पहिला मोठा माणूस. माझे सहा गुण वाढले याचा आनंद दोन दिवस टिकला. त्यांचा तो आवाज अजून कानात आहे.

आता आमच्या घराकडे येतो, कारण प्रामाणिकपणाशी माझी पहिली गाठ याच शाळेच्या कार्यालयात पडली, आणि ती मला मुळीच आवडली नव्हती.

पाचवीत नाव घालायला वडील मला घेऊन आले. क्लार्कभाऊ मोठ्या मनाचे होते. रजिस्टर उघडून त्यांनी वडिलांना हळूच सांगितलं, "धर्म हिंदू लिहा, जुनी जात लिहा. पोराला सवलत मिळेल, शिष्यवृत्ती मिळेल, पुढे नोकरीला उपयोग होईल. बरेच जण लिहितात." वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भाऊ, तुमचं म्हणणं माझ्या पोराच्या भल्याचं आहे. पण रविवारी चर्चात मी एक नाव सांगतो आणि सोमवारी तुमच्या वहीत दुसरं लिहू, असं मला जमणार नाही. ख्रिश्चन लिहा."

वडील लिहून मोकळे झाले. किंमत माझ्या वाट्याला आली. तुमच्यातल्या काहींच्या वह्या शिष्यवृत्तीतून यायच्या, माझ्या वह्या आई जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून करायची. दहावीनंतर मी पुढे शिकलो नाही त्याचं एक कारण हेही. आमच्याच नात्यातल्या एकाने दुसरा रकाना भरला, तो सरकारी नोकरीला लागला. पुष्कळ वर्षं मी वडिलांवर मनातून रागावलेलो होतो.

या बाबतीत कायदा काय आहे तेही सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो ठाऊक नसतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीची सवलत आधी फक्त हिंदूंना होती. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तीत घेतलं गेलं. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. नंदुरबार-नवापूरकडच्या आमच्या आदिवासी ख्रिस्ती भावंडांचं तसं नाही, कारण अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. पण गावकुसाबाहेरून आलेला आमच्यासारखा माणूस ख्रिस्ती झाला, की कागदावर त्याचं जुनं दुःख संपतं. गावात मात्र ते संपत नाही. पाणवठा तोच असतो आणि वस्तीही तीच असते.

म्हणून ज्यांनी दुसरं लिहिलं त्यांच्याकडे मी बोट दाखवत नाही. तो रकाना त्यांनी आखलेला नव्हता. मी फक्त माझ्या वडिलांचं सांगतो. त्यांच्याकडे तोलायला एकच वजन होतं, चर्चात तेच आणि कचेरीतही तेच. हे मला समजायला मात्र स्वतः एकदा खोटं तोलावं लागलं.

दहावीनंतर मी धुळ्यात एका काटे दुरुस्त करणाऱ्या उस्तादांच्या हाताखाली लागलो. तेव्हा इलेक्ट्रॉनिक काटे आले नव्हते. दांडीचे काटे, साखळ्या, पारडी, लोखंडी वजनं. उस्ताद नमाजी माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक दांडी टांगून दाखवली. पारडी रिकामी, दांडी अगदी सरळ. विचारलं, "काटा कसा आहे?" मी म्हटलं, "बरोबर आहे." त्यांनी दोन्ही पारड्यांत वीस-वीस किलोची वजनं ठेवली. दांडी एका बाजूला कलली. म्हणाले, "बेटा, खाली काटा सबका सीधा होता है."

मग त्यांनी खोट्या काट्याचं सगळं गणित समजावलं. दांडी मधोमध एका धारेवर टेकते. ती धार बरोबर मध्यावर असेल तर दोन्ही हात सारखे आणि काटा खरा. ती जरा सरकवली की एक हात लांब होतो, एक आखूड. आता रिकामी दांडी कलेल, म्हणून वर आलेल्या बाजूच्या कडीत थोडं शिसं भरायचं. रिकामी दांडी पुन्हा सरळ. बघणाऱ्याला काही कळत नाही. माल चढला की मात्र काटा खोटं बोलायला लागतो. मीटरभर लांबीच्या दांडीत ती धार एक मिलिमीटर सरकवली, तर पन्नास किलोला दोनशे ग्रॅमचा फरक पडतो. एक मिलिमीटर म्हणजे आपल्या कंपासपेटीतल्या पट्टीवरची सगळ्यात बारीक रेघ.

आणि हा खोटेपणा ओळखायचा कसा? उस्ताद म्हणाले, "पल्ले बदलके देख." जिथे माल आहे तिथे वजन ठेव, जिथे वजन आहे तिथे माल ठेव. खरा काटा दोन्हीकडून तेच सांगतो, खोट्याचं पितळ तिथेच उघडं पडतं.

हे गणित मला काटे सुधारण्यासाठी शिकवलं होतं. १९८४ च्या दिवाळीत मी ते उलटं वापरलं.

धुळ्यापासून सायकलवर जाता येईल अशा एका बाजारगावात एक भुसार मालाचे व्यापारी होते. शेतकरी तिथे ज्वारी, बाजरी, भुईमूग घेऊन यायचे. त्यांची दांडी दुरुस्तीला मी एकटा गेलो होतो. ते म्हणाले, "जरा हात सैल सोड. दीडशे देतो." मला महिन्याला दोनशे मिळायचे. तुम्हाला वाटेल घरी कोणी आजारी असेल, कर्ज असेल. तसं काही नव्हतं. कोणाचं दुखणं नव्हतं. मला एक जुनी सायकल घ्यायची होती.

मी धार एक मिलिमीटर सरकवली. कडीत शिसं भरलं. दांडी सरळ दिसली. कानशीने घासलेल्या जागी तेल-काजळी लावली. अर्ध्या तासाचं काम. सायकल त्याच आठवड्यात आली.

पंधरा दिवसांनी तिकडून जाताना मी त्या दुकानापाशी थांबलो. एक म्हातारे बाबा बाजरीची पोती उतरवत होते. मी काटेवाला आहे हे त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "भाऊ, काटा खरा शे ना?"

मी म्हटलं, "खरा शे, बाबा."

मी त्यांना ओळखलं होतं, त्यांनी मला ओळखलं नाही. ते आपल्या वर्गातल्या एका मित्राचे वडील होते. ज्या मित्राच्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि ठेचा मी तीन वर्षं खाल्ला, त्याचे वडील. तीच बाजरी माझ्या काट्यावर चढत होती.

त्यानंतरच्या एका रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन होतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट सगळ्यांनी मिळून घ्यायचा असतो. त्याआधी पाळकसाहेबांनी डोंगरावरच्या प्रवचनातला तो भाग वाचला, जिथे प्रभू येशू सांगतो, की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. हा भाग मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकला होता. त्या दिवशी ताट माझ्यापुढे आलं आणि हात उचलेना. ताट तसंच पुढे गेलं. शेजारी बसलेल्या वडिलांनी ते पाहिलं. घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. दारात चपला काढताना एवढंच म्हणाले, "आधी ते मिटवून ये."

सोमवारी मी उस्तादांना सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील, हाकलतील. त्यांनी अर्धा तास काम थांबवलं नाही. मग म्हणाले, "वो काटा मेरे नाम से गया था." एवढंच बोलून पेटी उचलली आणि मला घेऊन त्या गावी गेले. व्यापाऱ्यासमोर धार मध्यावर आणली, शिसं काढलं, पारडी बदलून दाखवली. त्या दुकानाचं काम उस्तादांच्या हातून कायमचं गेलं, आणि त्यांच्या ओळखीची आणखी दोन दुकानंही गेली. चूक माझी, नुकसान त्यांचं. त्यांनी मला काढलं नाही. मीच शरमेने काम सोडलं आणि जळगावला मावशीकडे निघून गेलो.

जाण्याआधी सायकल विकली आणि दीडशे रुपये परत केले. कोणाला परत केले? त्या व्यापाऱ्याला! इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की बाबा, मी पैसे परत केले, हिशोब मिटला. मित्रांनो, गणिताच्या सरांनी माझी ही बेरीज एका क्षणात चूक ठरवली असती. लुबाडलं कोणाला आणि परत दिलं कोणाला? शेतकऱ्याकडे गेलो नाही, कारण तिथे नुसते पैसे देऊन भागलं नसतं, तोंड दाखवावं लागलं असतं.

बायबलमध्ये जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. बुटका माणूस, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याला म्हणाला, आज तुझ्या घरी उतरायचं आहे. एवढंच. हिशोब मागितला नाही, रागावला नाही. पण जक्कय आपणहून उठून आकडे सांगू लागला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवून घेतलं असेल त्याला चौपट परत करतो. रविवारच्या शाळेत ही गोष्ट आम्ही झाडाचं चित्र काढून शिकलो. तिच्यातलं खरं वाक्य झाडाचं नाही, परतफेडीचं आहे, हे मला चाळिशीत कळलं.

तेव्हा मी एकदा हिशोब मांडला. दिवसाला शंभर धारणी, एका धारणीला दोनशे ग्रॅम, म्हणजे रोजचे वीस किलो. ती दांडी साधारण साठ दिवस चालली. म्हणजे बाराशे किलो, बारा क्विंटल धान्य. माझ्या एका मिलिमीटरने बारा क्विंटल धान्य शेतकऱ्यांच्या घरातून उचललं. चौपट म्हणजे अठ्ठेचाळीस क्विंटल. आणि ते द्यायचं कोणाला? नावांची यादी कुठे आहे?

१९९१ मध्ये मी जळगावात स्वतःचं दुकान टाकलं, दुरुस्तीचा परवाना घेतला. दुकानाच्या पायरीवर मी वीस किलोचं एक शिक्का मारलेलं वजन ठेवतो. दर दोन वर्षांनी त्याची सरकारी पडताळणी करून घेतो. कोणाही शेतकऱ्याने यावं, आपला काटा आणावा किंवा हे वजन घेऊन जावं, ज्या काट्यावर माल दिला तो तपासावा, परत आणून ठेवावं. पैसे नाहीत. हंगामात शनिवारी आसपासच्या खेड्यांत जाऊन काटे तपासून देतो, त्याचेही घेत नाही. लोक म्हणतात, फार पुण्याचं काम करतो. मी आजवर त्यांना सांगितलं नव्हतं, की हे पुण्य नाही, हप्ते आहेत.

आता काटे बदलले. जळगावच्या सराफ बाजारात मिलिग्रॅम दाखवणारे काटे आहेत आणि केळीचे ट्रक ज्यावर उभे राहतात त्या भुईकाट्यावर आकडा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने सरकतो. आपल्याकडे भुईकाट्याला 'धरमकाटा' म्हणतात. कोणाचा धर्म ते कोणी लिहीत नाही, आणि तेच बरोबर आहे. २०११ पासून वैधमापनाचा नवा कायदा लागू झाला, इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी पडताळणी करावी लागते. पण कानशीच्या जागी आता चार बटणं आली, एवढाच फरक. "जरा सेटिंग करून दे" म्हणणारा माणूस तोच आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मोठ्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हटलं. वर्षभराचं काम गेलं. मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती. घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "बरं केलं. आता रात्री झोप लागेल. पण फीचं तुमचं तुम्ही बघा." फी मंडळीतल्या एका भावाकडून उसनी घेतली, दोन वर्षांनी फेडली. प्रामाणिकपणे वागलं की धंदा वाढतो, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझा फारसा वाढला नाही. ज्याने देवाला व्यापारात भागीदार धरलं असेल त्याने हा हिशोब आधीच करून ठेवावा.

आणखी एक गोष्ट, कारण ख्रिस्ती म्हणून जगताना आमच्या वाट्याला एक वेगळी परीक्षा येते. दुसऱ्याच्या विश्वासाची.

जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावचे बालकवी, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपण शाळेत सगळ्यांनी वाचले. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. त्या संमेलनाला रेव्हरंड नारायण वामन टिळक होते. टिळक १८९५ मध्ये ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले, त्याबद्दल त्यांना काय काय सोसावं लागलं ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलं आहे. पुढे ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी राहिले. विचार करा, त्या काळात एका पाळकाच्या घरी एका हिंदू घरचा कोवळा मुलगा. गावाने काय म्हटलं असेल! ठोंबरे त्या घरात कवी म्हणून वाढले, लक्ष्मीबाईंची माया त्यांना मिळाली, आणि आले तसे हिंदूच राहिले. १९१८ मध्ये इथेच भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली ते गेले. वय अवघं सत्तावीस.

माझ्या दुकानात आजवर पाच-सहा मुलं काम शिकून गेली. एकाची आई पहिल्या दिवशी दुकानात येऊन बसली. काही बोलेना. मी ओळखलं. मी म्हटलं, "ताई, तो इथे काटे शिकेल. बाकी काही विचारलं तर सांगेन, न विचारता सांगणार नाही." श्रावणात त्यांच्याकडे कानबाई बसते. कानबाईचा रविवार, तर रविवारी माझं दुकान बंदच असतं. सोमवारी विसर्जन, म्हणून सोमवारची सुट्टी मी पगारी देतो. मला माझ्या प्रभूविषयी बोलायला आवडतं, ते लपवणार नाही. पण ज्या पोराचा पगार माझ्या हातात आहे त्याच्याशी ते बोलणं म्हणजे धार सरकवलेल्या काट्यावर तोलणं. तिथे पारडी बदलून बघायची. माझा मुलगा दुसऱ्याच्या दुकानात असता, तर त्या मालकाने कसं वागावं असं मला वाटलं असतं? आपल्याशी लोकांनी जसं वागावं असं वाटतं तसं आपण त्यांच्याशी वागावं, ही प्रभूची शिकवण. नमाजी उस्तादांनी ती मला दांडी टांगून शिकवली आणि गणिताच्या सरांनी फळ्यावर.

आता शेवटचं.

ज्या मित्राच्या वडिलांना मी 'काटा खरा शे' म्हणालो, तो मित्र आज या सभागृहात आहे. त्याचं नाव घेणार नाही. इथे बोलायच्या आधी त्याला सांगणं भाग होतं, म्हणून काल रात्री त्याच्या घरी गेलो. वडील जाऊन वीस वर्षं झाली. मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, रागावेल किंवा 'जाऊ दे रे' म्हणेल. त्याने दोन्ही केलं नाही. तो म्हणाला, "त्या वर्षी बाप घरी सारखा म्हणायचा, घरच्या मापाने पोतं भरतं आणि तिथे कमी भरतं. आम्ही त्याला म्हणायचो, बाबा, तुम्ही म्हातारे झालात, तुमचं मोजमाप चुकतं. पुढच्या वर्षीपासून माल घेऊन आम्ही जायला लागलो. बाप मग कधी काट्यापाशी उभा राहिला नाही."

मित्रांनो, बारा क्विंटलचा हिशोब मी मांडला होता. हा माझ्या हिशोबात नव्हता. खऱ्या माणसाला त्याच्याच घरात खोटं ठरवलं गेलं आणि त्याने ते मान्य करून घेतलं. हे कोणत्या वजनाने भरून देणार? चौपट कशाच्या करायची?

मी मित्राला म्हटलं, "उद्या हे सगळ्यांसमोर सांगू का?" तो म्हणाला, "सांग. बापाचं मोजमाप बरोबर होतं, एवढं नक्की सांग."

तर ते सांगतो. त्याच्या वडिलांचं मोजमाप बरोबर होतं. काटा खोटा होता, आणि तो मी केला होता. त्या दोन महिन्यांत आणखी कोणाच्या घरचा माल त्या दुकानी गेला असेल, तर त्यांचंही मोजमाप बरोबर होतं. मी तुम्हा सर्वांची माफी मागतो. आज टाळ्या वाजवू नका, ही विनंती. ज्याला काही बोलायचं असेल त्याने जेवणाच्या वेळी माझ्याकडे यावं, मी इथेच आहे.

माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या पेटीत माझा शाळेचा दाखला सापडला, पाचवीतला रकाना तसाच. पूर्वी तो कागद बघितला की मला न मिळालेली शिष्यवृत्ती आठवायची. आता दारात चपला काढणारे वडील आठवतात. 'आधी ते मिटवून ये' म्हणाले होते. यायला चाळीस वर्षं लागली.

सर, तुम्ही असता तर मी एवढंच दाखवलं असतं. चूक पुसली नाही. वर एक रेघ मारली आहे. बाजूला बरोबर आकडा लिहिण्याचं काम अजून चालू आहे.

जय ख्रिस्त. राम राम.